पाटीखालची रांग

('पुढे जाण्याच्या' स्वप्नाला प्रश्न विचारणाऱ्या, नाशिकमधल्या एका समूह चित्रप्रदर्शनात झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, आत्ता दारातच एका गृहस्थांनी मला अडवलं. "सर, पोरं मेहनत करून पुढे जातात, त्यात या चित्रकारांना खुपतंय काय?" प्रश्न रास्त आहे. माझा मुलगाही त्याच शर्यतीत धावला, आणि त्याच्या क्लासची फी मी हप्त्यांनी भरली. तेव्हा मी काही काठावर बसून बोलत नाहीये.

आधी एक जुना फोटो सांगतो. साल १९३७, अमेरिकेतलं लुईव्हिल गाव, ओहायो नदीला आलेला महापूर. पूर आपल्याला नवा नाही. पाणी गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेला लागलं की गळ्याला, यावर आपण गोदामाई मोजतो. तर तिथे मदतकेंद्राबाहेर कृष्णवर्णीय माणसांची रांग लागली आहे. हातात बादल्या, टोपल्या, पिशव्या. त्यांच्या डोक्यावर अवाढव्य जाहिरात: मोटारीत हसणारं गोरं चौकोनी कुटुंब, सोबत कुत्रं, आणि वर लिहिलंय, 'जगातलं सर्वांत उंच राहणीमान'. फोटो मार्गारेट बर्क-व्हाइटचा. चरख्यामागे बसलेले गांधीजी तुम्ही पाहिलेत ना, तोही १९४६चा फोटो तिचाच.

गंमत बघा. 'अमेरिकन ड्रीम' हा शब्द लोकांच्या तोंडी बसवला तो इतिहासकार जेम्स ट्रसलो ॲडम्स यांनी, १९३१ साली. ज्याच्या त्याच्या कुवतीप्रमाणे प्रत्येकाला संधी, असा त्यांचा अर्थ. नुसत्या मोटारी आणि मोठे पगार म्हणजे हे स्वप्न नव्हे, असंही त्यांनीच बजावलं होतं. सहाच वर्षांत पाटीवर काय आलं? मोटार!

बर्क-व्हाइटने त्या पाटीला खोटं म्हटलेलं नाही. ती फक्त चार पावलं मागे सरकली आणि पाटी नि रांग एका चौकटीत घेतली. छायाचित्रकार गॉर्डन पार्क्सनेही १९४२ साली वॉशिंग्टनमध्ये जवळपास हेच केलं. सरकारी इमारतीत झाडलोट करणारी एला वॉटसन त्याने राष्ट्रध्वजासमोर उभी केली, हातात झाडू देऊन. बस.

आपल्याकडे या पाट्या कुठे आहेत, ते तुम्ही येताना पाहिलंतच. आपल्या कॅनडा कॉर्नर चौकात उभं राहा. (व्हिसा न लागणारा कॅनडा एवढाच!) क्लासेसचे फ्लेक्स, त्यावर ओळीने चेहरे, चेहऱ्याखाली रँक. वर परदेशी शिक्षणाचं मार्गदर्शन. ज्या पासपोर्टसाठी देशभर माणसं खेटे घालतात, तो छापला जातो आपल्या नाशिकरोडच्या प्रेसमध्ये. स्वप्नाचा कागद आपल्या गावचा. पण तो हातात पडतो कुणाच्या?

या प्रदर्शनातली दोन-तीन कामं मला घोषणाबाज वाटली, ते चित्रकारांना मी तोंडावर सांगितलंय. मात्र मागच्या भिंतीवरचा मळका फ्लेक्स बघितल्याशिवाय जाऊ नका. तो रंगवलेला नाही, सापडलेला आहे. पेठ-सुरगाण्याकडून दिंडोरीला द्राक्षाच्या कामाला आलेल्या एका कुटुंबाच्या झोपडीवर तो छप्पर म्हणून होता. उलटा टाकलेला, म्हणजे टॉपरांचे चेहरे आतल्या बाजूला. रात्री पाठ टेकली की वर तेच दिसणार. चुलीच्या धुराने दोन चेहरे पार काळे झालेत. एकाच्या कपाळावर, दोरी ओवायला पाडलेलं भोक आहे. रँकचा आकडा मात्र लख्ख वाचता येतो.

या प्रदर्शनातल्या एका चित्रकार मुलीने तो मागितला आणि बदल्यात नवी ताडपत्री दिली. झोपडीतल्या बाईंनी ताडपत्रीचा काठ चिमटीत धरून जाडी पाहिली. मग म्हणाल्या, "पोरी, तुझं ते चित्राचं झालं की ही परत न्यायला येशील का गं?"