मोठ्या झाडाला किती इंची पट्टी?

मंडळी, ३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं आणि श्रीवर्धनपासून मंडणगड, दापोलीपर्यंतच्या बागा आडव्या झाल्या. पुढच्याच मे महिन्यात तौक्ते आलं. रस्ते आणि बागा मोकळ्या करायला तेव्हा गावोगाव चेनसॉ, म्हणजे फिरत्या दातेरी चेनने लाकूड कापणारी यंत्रं, लागली. आपण त्यांना कटर म्हणतो, मीही तेच म्हणेन. कटर घ्यायला निघालेला माणूस दुकानात पहिला प्रश्न विचारतो तो ‘पट्टी किती इंची?’ हाच. पट्टी म्हणजे यंत्रातून पुढे आलेली ती लांब फळी, जिच्या कडेने चेन फिरते. माझं ठाम मत आहे की हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारावा. आधी इंजिन बघावं, मग चेन आणि तिची धार, आणि मग पट्टी.

मोठ्या पट्टीचा मोह कसा होतो ते बघा. बांधावरच्या जुन्या रायवळ आंब्याला टेप गुंडाळली, घेर भरला नऊ फूट, म्हणजे १०८ इंच. त्याला ३.१४ ने भागलं की व्यास येतो साधारण ३४ इंच. बागायतदार म्हणतो, मग मला ३६ इंची पट्टी द्या. हिशोब बरोबर आहे, पण त्यात इंजिन कुठेच आलेलं नाही.

पट्टी लाकडात पूर्ण बुडाली की तेवढ्या लांबीवरचे सगळे दात एकाच वेळी लाकूड काढत असतात, आणि प्रत्येक दात ओढायला इंजिनाचं बळ खर्च होतं. २० इंचांत जेवढे दात लाकडात असतात, त्याच्या जवळजवळ पावणेदोनपट ३४ इंचांत असतात. इंजिन तेच राहिलं तर चेनचा वेग पडतो. वेग पडला की माणूस जोर लावून दाबतो, दाबलं की क्लच घसरतो, तापतो आणि जळतो. तेलाचंही तसंच. पट्टीला तेल देणारा पंप ठरावीक लांबीचा विचार करून बसवलेला असतो. त्याहून लांब पट्टी लावली तर टोकाकडचा भाग कोरडा पडतो, निळा पडेपर्यंत तापतो.

आपल्याकडच्या लाकडासाठी मी धरतो ते आकडे असे. ४० ते ४५ सीसीला १४ किंवा १६ इंच. ५० सीसीला १६, फार तर १८. ६० सीसीला १८ ते २०. ७० सीसीला २० ते २४. २५ इंचांच्या पुढे जायचं तर ९० सीसीच्या आसपासचं यंत्र हवं, आणि ३६ इंचांचा विचार त्याच्याखाली करूच नये. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर ७० सीसीच्या यंत्राला २८ इंची पट्टी लावून काम करणारे लोक आहेत, पण ते डग्लस फरसारखी मऊ सूचिपर्णी झाडं कापतात. चिंच, ऐन, जांभूळ यांच्यापुढे तो हिशोब चालत नाही. ‘५८ सीसी, २२ इंच’ असं खोक्यावर छापलेली स्वस्त यंत्रं ऑनलाइन भरपूर मिळतात. तुमच्याकडे तसं असेल तर टाकून देऊ नका. त्यावर १८ इंची पट्टी आणि जुळणारी चेन चढवा, तेच यंत्र कामाचं होईल.

आता तुम्ही विचाराल, १८-२० इंचांनी ३४ इंचांचा ओंडका कापायचा कसा? दोन्ही बाजूंनी. आडव्या ओंडक्यावर एका बाजूने आत जायचं, मग पलीकडे जाऊन त्याच रेषेत दुसरा काप मिळवायचा. रेषा चुकू नये म्हणून सालीवर खडूने आखून घ्या. एका कापात मोकळं व्हायचं असेल तर पट्टी व्यासापेक्षा दोनेक इंच लांब हवी, हे खरं. पण वर्षातून अशी किती झाडं कापता? रोजचं काम सहा ते पंधरा इंची फांद्यांचं असतं. त्यासाठी लांब पट्टीचं वजन दिवसभर हातात धरणं म्हणजे संध्याकाळच्या चुकांना आमंत्रण. शिवाय लांब पट्टीचं टोक ओंडक्याच्या पलीकडे कशाला टेकतंय ते दिसत नाही. टोकाचा वरचा पाव भाग कशालाही लागला की यंत्र उसळून अंगावर येतं. भयंकर जखमा त्यातून होतात.

उभं मोठं झाड पाडणं हा वेगळा विषय आहे. झाड ज्या बाजूला पाडायचं त्या बाजूची खाच व्यासाच्या पाचव्या ते चौथ्या भागाएवढी, तिच्या मागे व्यासाच्या साधारण दहाव्या भागाएवढी जाड बिजागरी, म्हणजे न कापलेलं लाकूड, शिल्लक, आणि मागच्या कापात पाचर. पट्टी व्यासाहून आखूड असेल तर बिजागरी दोन्ही बाजूंना सारखी राखणं अवघड जातं. ते जाणत्या माणसाशेजारी उभं राहूनच शिकावं. आंबा, फणस, चिंच तोडायला परवानगी लागते, तीही आधी घ्या.

चेनबद्दल मात्र मला जास्त बोलायचं आहे. अमेरिकेच्या ओरेगॉन राज्यातल्या जोसेफ कॉक्स नावाच्या माणसाने १९४६ साली लाकूड पोखरणारी एक अळी निरखली. ती जबडे डावीकडून उजवीकडे चालवत लाकूड खाते. त्यावरून त्याने आळीपाळीने डावा-उजवा दात असलेली चेन बनवली. आजची चेन त्याच वाटेवरची आहे. म्हणून दोन्ही बाजूंचे दात सारख्या लांबीचे आणि सारख्या धारेचे हवेत. एक बाजू बोथट झाली की काप वाकडा जातो, आणि पट्टी जितकी लांब तितका तो वाकडेपणा वाढून पट्टी अडकते. कापातून ढलप्या पडत असतील तर धार आहे. पिठासारखा भुसा पडला की थांबा आणि गोल कानस घ्या. ३/८ पिचच्या (पिच म्हणजे चेनच्या लागोपाठच्या दुव्यांमधलं सरासरी अंतर, इंचांत) मोठ्या चेनला ५.५ मिलिमीटरची, .३२५ ला ४.८ ची.

वादळात पडलेल्या खोडाची साल वाळू-चिखलाने भरलेली असते, सागात सिलिका असते, माडाचे तंतू धार खातात. अशा कामाला टोकदार कोपऱ्याच्या दातांपेक्षा गोलसर कोपऱ्याचे दात जास्त टिकतात. चेन मागताना ‘१८ इंची द्या’ एवढं पुरत नाही. पिच, ड्राइव्ह लिंकची (पट्टीच्या खाचेत बसणाऱ्या दुव्यांची) संख्या आणि गेज, म्हणजे त्या दुव्यांची जाडी, हे तिन्ही आकडे जुळले तरच चेन बसते. ते कागदावर लिहून पाकिटात ठेवा.

पडलेल्या झाडात ताण साठलेला असतो. खोड दोन टोकांवर टेकून मध्ये अधांतरी असेल तर वरची बाजू दाबात आणि खालची ताणात असते. वरून सुमारे एक तृतीयांश कापा, मग खालून वर या. नुसतं वरून कापत गेलात तर काप मिटतो आणि पट्टी आत घट्ट बसते. एक टोक हवेत असेल तर बरोबर उलटं. आणि मुळासकट उपटलेल्या आंब्याचं खोड कापून वेगळं केलं की मुळांची माती धरलेली थाळी झटक्यात मागे खड्ड्यात बसू शकते. त्या खड्ड्यात कुणी उतरलेलं नाही ना, विशेषतः पोरं, हे स्वतः जाऊन बघा आणि मगच कटर सुरू करायची दोरी ओढा.