उलट्या पावलांचा गोफ

[मांडवाच्या आढ्यावरून: रंगीत दोर, खाली फिरणारी डोकी]

गोव्यातलं काणकोण. फाल्गुनातली रात्र, शिगमो. कॅमेरा मुद्दाम वर बांधलाय. खालून पाहिलं तर नाचणारी माणसं दिसतात, वेणी दिसते ती इथूनच.

एकेकाच्या हातात एकेक दोर; नाचता नाचता त्यांची वेणी घालायची, तो गोफ. एकाच्या आतून जायचं, पुढच्याच्या बाहेरून. घुमटावर, म्हणजे मातीच्या तालवाद्यावर, थाप पडते, शामेळ हा ढोल ठेका धरतो. पावलं कुणीच मोजत नाही. मोजायला गेलं की चुकतंच.

मग हिशेब ठेवतो कोण?

मेंदूचे अभ्यासक स्टीव्हन ब्राऊन आणि सहकाऱ्यांनी 2006 साली हे टँगो नाचणाऱ्यांच्या मेंदूत शोधलं. नर्तक उताणे झोपलेले, डोळे मिटलेले, डोकं मेंदूचं काम टिपणाऱ्या यंत्रात, पाय उतरत्या फळीवर. (या यंत्राला हललेलं डोकं चालत नाही. आमचा गोफ तिथं मावायचा नाही!) संगीतावर पावलं पडू लागली, तसा माथ्याखालचा, दोन्ही गोलार्धांच्या मधल्या भिंतीवरचा एक भाग चेतला: प्रिक्युनिअस. आपले पाय कुठे आहेत, याचा नकाशा बहुधा तोच राखतो. ताल नियमित असला की मेंदूतला खोलवरचा पुटामेन हा भाग अधिक काम करतो. पावलं तालाशी जुळवण्यात लहान मेंदूचा हात असतो.

[कडेला बसलेले आजोबा. मांडीवरची बोटं.]

लंडनमध्ये 2005 साली बॅले नाचणाऱ्यांना आणि कापोएरा हा ब्राझीलचा नाचासारखा युद्धखेळ खेळणाऱ्यांना दोन्ही प्रकारांच्या चित्रफिती दाखवल्या. नुसतं बघतानाही हालचालीची केंद्रं जास्त चेतली, ती ज्याच्या त्याच्या अंगवळणी पडलेल्या नाचाला.

आजोबांची बोटं बघा.

न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये पंच्याहत्तरीपुढच्या 469 जणांच्या पाहणीत नाचणाऱ्यांत स्मृतिभ्रंश कमी आढळला. तो नाचामुळेच कमी, असं मात्र त्यातून सिद्ध होत नाही.

[पुन्हा आढ्यावरून. वेणी पुरी झालेली.]

आता खरा गोफ. आले त्याच वाटेनं, उलट्या क्रमानं, वेणी उसवायची. शहरातल्या मिरवणुकीत, परीक्षकांपुढे, एवढी उसंत कुठली? हे शिकायचं तर मांडावरच, गावच्या नाचाच्या जागीच, यावं लागतं, आणि पोरांना आणावं लागतं.

निळा दोर अडकला. घुमट थांबत नाही. पोरगा दोन पावलं पुढे जातो, वर बघत नाही, पुन्हा मागे येतो.

सुटला.