‘तिले थे पट्टी दिसते काय?’

(२०२५ च्या गणेशोत्सव मेळाव्यातलं भाषण, संकेतस्थळासाठी थोडं आवरून.)

नमस्कार मंडळी.

अध्यक्षांनी माझी ओळख ‘दिव्या देशमुखच्या गावच्या’ अशी करून दिली आणि तुम्ही टाळ्याही वाजवल्या. त्या मी ठेवून घेते, परत करत नाही. पण बुद्धिबळातली ही दिव्या नागपूरची, आणि मी दारव्ह्याच्या पुढच्या एका खेड्यातली. मधे अख्खा वर्धा जिल्हा पडतो. आपल्या मंडळात जालन्याच्या पलीकडचं सगळं ‘नागपूर साइड’ असतं. माणूस भंडाऱ्याचा असो की बुलढाण्याचा, ‘तिकडे ऊन फार ना?’ एवढं विचारलं की आपली चौकशी संपते.

बुद्धिबळातलं माझं ज्ञानही सांगून टाकते. घोडा अडीच घरं चालतो, उंट तिरका जातो, आणि माझा वजीर नेहमी दहाव्या चालीच्या आत मरतो. तरी आज बोलणार बुद्धिबळावरच. कारण जुलैत माहेरी असताना माझी भाची एक वाक्य बोलली आणि ते डोक्यातून जाईना. मुलगी सातवीत आहे. तालुक्याच्या शाळेत जाते, एसटी चुकली तर मागच्या गावच्या ऑटोत कोंबून जाते.

त्या आठवड्यात बातुमीला, म्हणजे जॉर्जियात, महिला विश्वचषकाची अंतिम फेरी चालू होती. एका बाजूला आपली दिव्या, दुसऱ्या बाजूलाही भारताचीच कोनेरू हम्पी. पहिला डाव शनिवारी, २६ जुलैला. आमच्याकडे पाऊस लागून राहिला होता, डवरे बंद, लाइन गेलेली. मग ओसरीत भगरीच्या डब्याला मोबाइल टेकवून सगळे बसलो. आई, दादा, वहिनी, मी, आणि वाटणीच्या कागदांसाठी आलेला पुण्याचा धाकटा भाऊ. भाची मधे बसून समजावत होती. पटाच्या बाजूला एक काळी-पांढरी पट्टी असते. पांढरा भाग वर चढला की पांढऱ्याचं बरं चाललंय, काळा खाली उतरला की काळ्याचं. ती पट्टी संगणक चालवतो. आईला पटावरचं काही कळत नव्हतं, पण पट्टी तिला पाच मिनिटांत कळली. तुमच्यापैकीही बरेच जण पटापेक्षा पट्टीच बघत होते, नाकारू नका. त्या दिवशीचे ग्रुपवरचे मेसेज मी वाचलेत.

दिव्याकडे पांढरी होती. पट्टी चढत गेली, पार वर. डाव हातातोंडाशी आला. आणि मग तिनं दुसरीच कुठली चाल केली, आणि पट्टी सरसर मधे येऊन थांबली. डाव पुढे बरोबरीत सुटला. धाकट्यानं मांडीवर थाप मारली. ‘एवढं दिसू नये? सरळ जिंकत होती!’ दादाही म्हणाला, ‘घाई केली पोट्टीनं.’ मी पण काहीतरी बोललेच असेन. तेव्हा भाची मोबाइलवरून नजर न काढता म्हणाली, ‘आत्या, तिले थे पट्टी दिसते काय?’

नाही दिसत. खेळणाऱ्याजवळ फोन नसतो, पट्टी नसते, कोणी कानात सांगत नाही. तिथे जिंकणारी चाल ‘मी जिंकणारी’ असं लिहून येत नाही. तीसचाळीस शक्य चालींतली ती एक असते, आणि तिच्यामागे आणखी आठ चाली डोक्यात धरून ठेवाव्या लागतात. समोरचीनं अमुक केलं तर काय, तमुक केलं तर काय, आणि घड्याळ चालूच. आपण सोफ्यावर बसून चिवडा खात जे एका सेकंदात ‘बघितलं’, ते आपण बघितलेलंच नसतं. आपल्याला ते कोणीतरी दाखवलेलं असतं.

बाद फेरीत तर त्याचं ओझं आणखी. साखळी स्पर्धेत आज अर्धा गुण गेला तर पुढच्या आठवड्यात भरून काढता येतो. इथे दोन डाव, बरोबरी झाली तर तिसऱ्या दिवशी टायब्रेक, म्हणजे कमी वेळाचे निर्णायक डाव, आणि हरलात की बॅग भरायची. १०७ जणींपैकी शेवटी एकच उरते. दिव्याचं मानांकन होतं पंधरावं. उपांत्य फेरीत चीनच्या तान चुंगयीविरुद्धचा तिचा दुसरा डाव १०१ चालींचा झाला. त्यातही डाव एकदा हातात येऊन निसटला आणि पुन्हा हातात आला.

पण मला जास्त लागून राहिलेला किस्सा २०१५ चा, बाकूच्या विश्वचषकाचा. अंतिम फेरी चार डावांची. रशियाच्या पीटर स्विडलरनं सर्गेई कर्याकिनविरुद्ध पहिले दोन्ही डाव जिंकले. उरलेल्या दोनांत एक बरोबरी, बस्स, चषक घरी. तिसऱ्या डावातही त्याचं चांगलंच चाललं होतं आणि तिथे त्यानं घोडचूक केली. चौथाही गेला. मग जलद डाव, मग त्याहून झटपट असे विजेचे डाव. दहाच्या दहा डाव निकाली, एकही बरोबरी नाही, आणि कर्याकिन सहा-चारनं जिंकला. म्हणजे स्विडलरला जी एक बरोबरी हवी होती, ती अख्ख्या सामन्यात कोणालाच मिळाली नाही! आणि हा माणूस नवखा नव्हे; २०११ चा विश्वचषक त्यानंच जिंकला होता. तिसऱ्या डावानंतरच्या रात्री तो झोपला असेल का, याचा मी अजून विचार करते. आमचे हे म्हणतात, तुझ्या स्वतःच्या घोरण्यापुढे तू स्विडलरच्या झोपेची काळजी करू नकोस.

आनंदचं तर तुम्हाला आठवतच असेल. ती बाद फेरी नव्हती, जगज्जेतेपदाची लढत होती, २०१४, सोची, सहावा डाव. कार्लसननं राजा चुकीच्या घरात नेला. आनंदनं घोड्यानं मधलं प्यादं टिपायचं होतं, डावच फिरला असता. त्यानं मिनिटाभरात कडेचं प्यादं एक घर पुढे सरकवलं. समोरून इतकी मोठी चूक होईल असं त्याच्या मनातच नव्हतं, म्हणून त्यानं ती शोधलीच नाही. तो डाव तो हरला. त्या वेळी आपल्यातल्या निम्म्या लोकांनी ‘आनंद संपला’ म्हणून जाहीर केलं होतं. आता हेच लोक दिव्याच्या फोटोवर ‘आपली लेक’ लिहितात.

सोमवारी टायब्रेक होता. श्रावणाचा पहिला सोमवार, आईचा नि वहिनीचा उपवास. धाकटा आणि दादा सकाळीच तहसीलला जाऊन, साहेब रजेवर म्हणून हात हलवत परत आले होते, त्यामुळे घरात आधीच वारं बरं नव्हतं. पंधरा मिनिटांचे डाव, दर चालीला दहा सेकंद वाढीव. पहिला बरोबरीत. दुसऱ्यात दिव्याकडे काळी. हम्पी वेळेच्या कचाट्यात सापडली आणि चुकली. पट्टी काळी झाली, आईनं हात जोडले. मग दिव्याकडून ढिलाई झाली, हम्पी पुन्हा डावात आली. भाची नखं खात होती. मग हम्पी शेवटची चुकली आणि सगळं संपलं. दिव्या नंतर स्वतःच म्हणाली, की अंत्यडाव मला शिकायला हवेत, हे सोपं जिंकायला हवं होतं. त्या जिंकण्यानं ती भारताची ८८ वी ग्रँडमास्टर झाली. त्या पदासाठी एरवी तीन नॉर्म लागतात, म्हणजे स्पर्धांत तीनदा ठरावीक दर्जाची कामगिरी. तिच्याजवळ त्यातला एकही नव्हता.

म्हणजे नीट पाहिलं तर दोघींनीही चुका केल्या आणि दोघींच्याही संधी हुकल्या. दिव्याचं मला जे भावलं ते जिंकणं नव्हे. शनिवारी जिंकलेला डाव हातचा जाऊ दिल्यावर ती रविवारी परत येऊन बसली, आणि सोमवारी पुन्हा बसली. मी पोळी करपली तर दुसऱ्या दिवशी भात लावते.

रात्री उपवास सोडायला बसलो आणि भांडण पेटलं. विषय कापूस. तुमच्यापैकी जे तिकडचे आहेत त्यांना साल सांगायची गरज नाही. २०२२ मध्ये भाव दहा हजारांच्या वर गेला, तेव्हा दादानं आधीच, दिवाळीच्या सुमारास, विकून टाकला होता. सोसायटीचं भरायचं होतं. पुढच्या हंगामात सगळ्या गावासारखा त्यानंही घरात भरून ठेवला. मधल्या खोलीत छतापर्यंत कापूस, पोरांच्या अंगाला खाज, वाळून वजन कमी होतंय ते वेगळंच, आणि भाव काही चढेना. उन्हाळ्यात मिळेल त्या भावात काढावा लागला. धाकटा ताटावरून म्हणाला, ‘दादा, तुम्ही दोन्ही वर्षं उलटंच केलं. ठेवायचा तेव्हा विकला, विकायचा तेव्हा ठेवला. साधा हिशेब होता.’

दादा काही बोलला नाही. भात कालवत राहिला. भाचीनं मात्र कढीची वाटी ठेवता ठेवता म्हटलं, ‘काका, तुम्हीबी पट्टी पाहूनच बोलून राहिले.’

आई तिच्यावर ओरडली, मोठ्यांच्या बोलण्यात बोलू नये म्हणून. धाकटा हसला, पण त्याचं हसू काही जमलं नाही. मी ताटात बघत बसले, कारण पुढचं वाक्य माझं होतं आणि तेही तसलंच होतं.

मंडळी, आपण सगळेच त्या धाकट्यासारखे आहोत की नाही? रविवारी फोन लावायचा आणि विचारायचं: बोंडअळीचं माहीत होतं तर परत पऱ्हाटी काहून लावली? संत्र्याचा अंबिया बहार गळला तर आधी फवारलं का नाही? रस्त्यालगतचा प्लॉट तेव्हा काहून सोडला? उत्तरं आपल्याला माहीत असतात, कारण निकाल लागून गेलेला असतो. इथे तर आपण एकमेकांनाही सोडत नाही. अमक्यानं घर कधी घ्यायला हवं होतं, तमक्याच्या मुलानं कुठला कोर्स सोडला, याचं विश्लेषण महाप्रसादाच्या रांगेत जितकं होतं तितकं बातुमीत झालं नसेल. स्वतःच्या चालींच्या वेळी मात्र आपण पावसाला आणि सरकारला दोष देतो. मी देते.

हम्पीबद्दल एक बोलायचं राहिलं. अंतिम सामना संपल्यावर तासाभरात ती आपल्या ग्रुपवरून गायब झाली. २००२ मध्ये पंधराव्या वर्षी ग्रँडमास्टर झालेली बाई. दिव्याचा तेव्हा जन्मही नव्हता. २००८ ला जगज्जेतेपदाच्या बाद फेरीत उपांत्य सामन्यात हरली. जलद बुद्धिबळाचं जगज्जेतेपद दोनदा आणलं, २०१९ ला मॉस्कोत आणि २०२४ ला न्यूयॉर्कला, दोन्ही वेळा मुलगी झाल्यावर. आता अडतिसाव्या वर्षी एकोणीस वर्षांच्या मुलीसमोर पुन्हा अंतिम फेरीत. उपांत्य फेरीच्या टायब्रेकमध्ये लेई तिंगजीविरुद्ध मागे पडून ती सामना ओढून आणून जिंकली होती. त्यासाठी आपण एक अंगठासुद्धा दाखवला नाही. ती नागपूरची नव्हती ना.

आता जे मला कळत नाही ते सांगते आणि बसते, कारण नऊला हॉलची चावी परत द्यायची आहे आणि पाटवड्यांची रस्सेदार भाजी गार होतेय.

भाची खेळते. गावात तिच्याशी खेळणारं कोणी नाही. जे एकदोन होते ते आता तिच्यासमोर बसत नाहीत. फोनवर खेळते. डाव संपला की लगेच बटण दाबते आणि कुठे चुकलं ते लाल अक्षरात पाहते. मला त्याचीही धास्ती वाटते, की हिला पट्टीची सवय लागली तर तिच्याशिवाय ही तीन तास कशी बसेल. दिव्या आणि रौनक साधवानी नागपूरचे, स्वप्निल धोपाडे अमरावतीचा. शिकवणारे, स्पर्धा, सोबतीची पोरं, सगळं शहरात. आमच्याकडून नागपूर म्हणजे चार तासांची एसटी.

निघायच्या आदल्या दिवशी दादानं गोठ्यापाशी मला गाठलं. कोणासमोर विचारायचं नव्हतं त्याला. म्हणाला, ‘बाई, हिले नागपूरले ठेवू काय? खोली, क्लास, शाळा, सगळं धरून यंदाच्या तुरीचे पैसे त्याच्यातच जातील. दोन-तीन वर्षांत नाही जमलं तर?’ आणि मग, ‘तू बाहेर रायते, तुले समजते.’

मला समजत नाही. मी म्हटलं, विचार करून सांगते. त्याला दिवाळीच्या सुट्टीच्या आत उत्तर हवंय, कारण त्यानंतर शाळा मधे प्रवेश देत नाही. तिच्या गुणांचा कागद माझ्या पर्समध्ये आहे, तिच्या डावांची वहीही मी मोबाइलवर उतरवून आणलीय. तुमच्यात ज्यांना खेळ कळतो, किंवा ज्यांनी आपलं मूल असं लांब ठेवलंय, त्यांनी जेवताना माझ्याशेजारी बसा आणि काय वाटतं ते सांगा. ठेव म्हणा, नको म्हणा, चालेल. फक्त आज सांगा. पाच वर्षांनी फोन करून सांगू नका.