गाजराच्या ज्यूसला फोडणी नसते

बसा बसा, मागे खुर्च्या आहेत अजून. माइक येतोय ना शेवटपर्यंत? बरं. आत्ता आत येता येता एका काकांनी मला दारातच गाठलं. म्हणाले, डॉक्टर, अँजिओप्लास्टी झाल्यापासून घरात तेल बंद, सगळं उकडलेलं खातो आणि डोळ्यांसाठी रोज सकाळी उपाशीपोटी ग्लासभर गाजराचा ज्यूस घेतो, तरी नंबर काही कमी होईना. आता नंबर गाजराने कमी होतच नाही, तो डोळ्याच्या लांबीचा आणि आकाराचा मामला, ते सोडा. पण काका, ज्यूससुद्धा बराचसा फुकट चाललाय तुमचा.

मिसळ सगळ्यांनी खाल्लीय ना? तर्री लाल का दिसते? कोल्हापूरकर कट म्हणतात तो. कारण मिरचीचा रंग तेलात उतरतो, पाण्यात नाही. तिखट नुसत्या पाण्यात घालून ठेवा, थोड्या वेळाने तळाशी जाऊन बसतं, आणि तेच गरम तेलात घाला, चमच्याला रंग चढतो. गाजराचा केशरी, लाल भोपळ्याचा, अंड्यातल्या पिवळ्या बलकाचा, हे सगळे रंग त्याच खानदानातले. शेवग्याच्या पाल्यात, माठात, पालकातही ते भरपूर असतात, फक्त हिरव्याखाली झाकलेले. आता आतड्यातही हीच गोष्ट. जेवणात काहीतरी स्निग्ध आलं की पित्त सुटतं, तेलाचे बारीक बारीक कण होतात आणि त्यांच्या पाठीवर बसून हा रंग आत जातो, मग त्यातल्या काहींचं अ जीवनसत्त्व होतं आणि ते डोळ्याच्या पडद्यावर अंधारात बघायच्या कामाला लागतं. तेलच नसलं तर बहुतेक रंग आला तसा बाहेर. आणि लागतं किती, तर एका जेवणाला तीन ते पाच ग्रॅम, म्हणजे चहाचा एक चमचा, बस.

याची एक खरी गोष्ट सांगतो, मला फार आवडते. डेन्मार्क म्हणजे लोण्याचा देश. पण लोणी विकायचं, परदेशात पाठवायचं, आणि गरिबाच्या घरातली पोरं काय खायची, तर साय काढलेलं दूध आणि मार्जरीन, म्हणजे लोण्याऐवजी खायचं स्वस्त, नकली लोणी. पहिल्या महायुद्धाच्या काळात कोपनहेगनमध्ये कार्ल ब्लॉख नावाचे बालरोगतज्ज्ञ होते, त्यांच्याकडे अशी बाळं यायची की डोळे कोरडे पडलेत, बुबुळ धुरकट, काहींचं तर पार विरघळून गेलेलं. दूधदुभत्याच्या देशात, बघा! मग १९१७ मध्ये जर्मनीच्या पाणबुड्यांनी समुद्र अडवला, लोणी बाहेर जाईना, सरकारने रेशनवर देशातच वाटलं, आणि १९१८ मध्ये हे पेशंट जवळजवळ यायचेच बंद झाले. युद्ध संपलं, लोणी पुन्हा बोटीत चढलं आणि आजार परत आला. म्हणजे कुणी प्रयोग ठरवून केला नव्हता, पाणबुड्यांनी करून दाखवला.

यात एक मेख आहे. मार्जरीनपण स्निग्धच होतं की! पोरांना फॅट मिळत होतं, पण त्या फॅटमध्ये बसलेलं कुणी नव्हतं. अमेरिकेत मॅकॉलम आणि डेव्हिस यांनी १९१३ मध्येच उंदरांवर दाखवलं होतं की लोण्यात आणि अंड्याच्या बलकात असं काहीतरी आहे जे सगळ्याच तेलांत नाही. तेच पुढे अ जीवनसत्त्व ठरलं. आपल्याकडे डालड्यात म्हणजे वनस्पती तुपात अ जीवनसत्त्व घालायची सक्ती झाली, आणि अंगणवाडीत सहा महिन्यांनी चमच्याने पाजतात ना ते औषध, तेसुद्धा तेलातच कालवलेलं असतं. १९७० पासून चालू आहे तो कार्यक्रम.

आता लगेच कुणीतरी विचारणार, मग ओमेगा थ्रीची कॅप्सूल घेऊ का? हल्ली नातवंडं अमेरिकेहून डबेच्या डबे आणतात. तर डोळ्याच्या पडद्यात डीएचए नावाचं ओमेगा थ्री जातीचं फॅट इतकं ठासून भरलेलं आहे की शरीरात दुसरीकडे एवढं क्वचितच सापडेल, म्हणून सगळ्यांना वाटलं की वरून दिलं की झालं. अमेरिकेत चार हजारांवर लोकांना पाच वर्षं देऊन बघितलं, १९१८ नाही, आत्ताचं, २०१३ मध्ये निकाल आला, वयाबरोबर पडदा झिजण्याचा जो आजार आहे तो काही थांबला नाही. कोरड्या डोळ्यांसाठी २०१८ मध्ये दुसरा आला, एका गटाला रोज माशाच्या तेलातलं तीन ग्रॅम ओमेगा थ्री, दुसऱ्याला तशाच दिसणाऱ्या कॅप्सूलमध्ये ऑलिव्ह ऑइल. बरं दोघांनाही वाटलं! फरक काहीच नाही. म्हणून मी कॅप्सूल सहसा लिहीत नाही. मासे खाणाऱ्यांनी तारली, बांगडे, पेडवे खावेत, स्वस्त आणि मस्त. शाकाहारी असाल तर जवसाची चटणी खा, त्यातल्या ओमेगाचं डीएचए अगदी थोडंच होतं, पण चटणी चांगली लागते, त्याला काय कारण लागतं का.

आता कोरड्या डोळ्यांचं म्हणाल तर पापणीच्या कडेला बारीक तेलाच्या ग्रंथी असतात, वरच्या पापणीत पंचवीस-तीसच्या पुढेच. उघडझाप केली की अश्रूंवर तेलाचा पापुद्रा बसतो, पाणी उडून जात नाही. मोबाईलकडे टक लावून बसलं की उघडझाप कमी, तेल तोंडाशीच घट्ट होतं, मग खुपतं, कचकच होते. त्याला गरम पाण्यात पिळलेला रुमाल दहा मिनिटं, आणि हलका मसाज. एरंडेल, तूप वगैरे डोळ्यात घालू नका हो, प्लीज, मी अशा पेशंटचे डोळे धुतलेत.

आणि आता फॅट जास्ती झालं तर काय, ते. मागे एक साधारण पस्तिशीचा मुलगा चष्म्यासाठी आला, मी सहज आत बघितलं तर पडद्यावरच्या शिरा लाल नाहीतच, गुलाबीसर दुधाळ, आतून साय फिरतेय म्हणाल अशा. रक्त काढलं तर नळीत वर पांढरा थर. ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली चरबी, हजारांत गेलं की असं दिसतं. त्याला काहीही होत नव्हतं, दिसत व्यवस्थित होतं! डोळ्याला दिसत होतं म्हणून त्याला कळलंच नाही, मला मात्र त्याचं अख्खं रक्त दिसलं. अशा माणसाला मी फोडणीबद्दल बोलणार नाही, आधी फिजिशियनकडे पाठवणार. डायबेटिसवाल्यांच्या पडद्यावरही पिवळे ठिपके साचतात, ते फॅटच. आणि पापणीच्या कोपऱ्यात पिवळट चकत्या आल्या तर ब्युटी पार्लरच्या आधी लिपिड प्रोफाइल, म्हणजे रक्तातल्या चरबीची तपासणी, करा.

काय म्हणता काका? ज्यूसचं काय करू? ज्यूस बंद, गाजराची कोशिंबीर करा आणि वर हिंग-मोहरीची फोडणी. काकूंना सांगा मी सांगितलंय म्हणून, आणि तुमच्या हार्टच्या डॉक्टरांनाही विचारून घ्या. पण चमचाभर म्हटलंय हं मी. पळीभर नाही.