सकाळी बाहेर, संध्याकाळी आत

लंडनच्या कॅनरी व्हार्फ स्थानकात सकाळी साडेआठ वाजता सरकत्या जिन्यांवरून वर येणारी ही माणसे पाहा. गेट जवळ आले की हात आपोआप खिशातून बाहेर येतो, पिवळ्या गोल तबकडीवर कार्ड टेकते, गेटची पाखे उघडतात आणि तोवर मागच्याचे कार्ड पुढे आलेले असते. हे सारे भाडे कापण्यासाठी आहे. मात्र भुयारी रेल्वेचे भाडे प्रवास शहराच्या कोणत्या विभागांतून (झोन) झाला यावर ठरत असल्याने प्रवासी कोठे आत शिरला आणि कोठे बाहेर पडला, या दोन्हींची वेळेसह नोंद ठेवावी लागते. शहराचा अभ्यास करणाऱ्यांच्या हाती घबाड लागले ते येथेच: कोणत्या जागेचा वापर कशासाठी होतो, हे या नोंदींवरून ओळखता येते.

काचेच्या या मनोऱ्यांच्या जागी पूर्वी वेस्ट इंडिया गोदी होती. १८०२ साली सुरू झालेली ही गोदी १९८० साली बंद पडली, पुढे तेथे बँकांची कार्यालये आली आणि १९९९ साली हे स्थानक उघडले. जागेचा धंदा असा बदलतो तेव्हा जमिनीच्या वापराच्या नकाशावरचा रंग बदलायला वेळ लागतो, पण माणसांची पावले त्याच दिवशी बदलतात.

लंडनच्या गेटांवर टेकवायचे ऑयस्टर कार्ड २००३ साली आले. त्याआधी लोक कोठे जातात हे कळण्यासाठी मुख्यतः घरोघरी जाऊन विचारावे लागे, आणि लोक आठवेल तसे सांगत. कार्डाला आठवावे लागत नाही. एका स्थानकाच्या दिवसभराच्या नोंदी घेऊन आत येणाऱ्यांची एक आणि बाहेर पडणाऱ्यांची दुसरी, अशा दोन रेषा तासागणिक काढल्या, तर त्या स्थानकाची आकृती तयार होते. कॅनरी व्हार्फला सकाळी ‘बाहेर’ची रेषा उंच चढते आणि संध्याकाळी ‘आत’ची. व्हिक्टोरिया मार्गाच्या शेवटच्या टोकाला, वॉल्थमस्टो सेंट्रलला, हेच चित्र उलटे होते, कारण तेथे माणसे राहतात. नाट्यगृहांच्या लेस्टर स्क्वेअरला संध्याकाळी लोक बाहेर पडतात आणि रात्री उशिरा परत गेटात शिरतात. आर्सेनल स्थानक, ज्याला १९३२ साली फुटबॉल क्लबचेच नाव मिळाले, ते एरवी शांत असते; सामन्याच्या दिवशी मात्र त्याची रेषा सुळक्यासारखी उभी राहते. कोठे कचेरी आहे आणि कोठे घरे, हे या नोंदी तपासणाऱ्या संगणकाला कोणीही सांगितलेले नसते. तो फक्त सारख्या चालीची स्थानके एका गटात टाकतो. त्या गटाला नाव द्यायला अर्थात माणूसच लागतो.

कॅमिल रॉथ, सूंग मून कांग, मायकेल बॅटी आणि मार्क बार्थेलेमी या संशोधकांनी लंडनच्या ऑयस्टर कार्डांवरील, २००८ सालच्या एका आठवड्यातील १ कोटी १० लाखांहून अधिक फेऱ्या तपासून २०११ साली जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात मोठा ओघ येणाऱ्या स्थानकांभोवती शेजारची स्थानके जोडून केंद्रे ठरवली होती. एका मध्याभोवती पसरलेले म्हणून ओळखले जाणारे लंडन त्यांना अनेक केंद्रांचे शहर म्हणून दिसले.

मुंबईत लोकलच्या फलाटांवर अशी गेट नाहीत. पासावर दोन स्थानके छापलेली असतात, मधल्या कोणत्या स्थानकावर माणूस उतरला आणि किती वाजता, याचा त्यावर मागमूस नसतो. इकडे जमिनीच्या वापराचे नकाशे रंगवण्याची हौस मात्र दांडगी. २०१५ साली प्रसिद्ध झालेला विकास आराखड्याचा मसुदा चुकांमुळे मागे घ्यावा लागला होता. लोकलला गेट नसली, तरी ८ जून २०१४ पासून धावणाऱ्या वर्सोवा–अंधेरी–घाटकोपर मेट्रोला आत शिरताना आणि बाहेर पडताना, दोन्हीकडे गेट आहेत. सकाळी नऊला या मार्गावरच्या असल्फ्याला, टेकडीवरच्या घरांतून उतरलेली माणसे आत शिरताना दिसतात, आणि चार-पाच स्थानके पुढे, चकाल्याला, गळ्यात ओळखपत्र अडकवलेली माणसे बाहेर पडताना. या नोंदी नियोजनकारांच्या टेबलावर यायला हव्यात, आणि त्या येताना कार्डामागचा माणूस ओळखू येणार नाही, एवढी खबरदारी घ्यायला हवी.

संध्याकाळचे सात वाजले आहेत. असल्फ्याचे तेच गेट आता दुसऱ्या बाजूला उघडते आहे, आणि टेकडीच्या पायऱ्यांवर एकेक दिवा लागतो आहे.