पुढं काय झालं?

(इंटर्नशिप सुरू करणाऱ्या वैद्यकीय विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)

मित्रांनो, उद्यापासून तुमची इंटर्नशिप सुरू होते आहे. मघाशी बाहेर चहा घेताना तुमच्यातल्या काहींशी बोललो. कुणी क्लास लावलाय, कुणी प्रश्नसंच सोडवतंय. एकानं तर मला सरळ विचारलं, "सर, अभ्यासाला वेळ मिळेल असं पोस्टिंग कोणतं?" त्याला मी दोष देत नाही. पीजीच्या, म्हणजे पदव्युत्तर शिक्षणाच्या जागा किती आणि परीक्षेला बसणारे किती, हे मलाही कळतं. अभ्यास करू नका, असं सांगायला मी आलेलो नाही. पण या १२ महिन्यांत एक गोष्ट शिकता येते, जी पीजीच्या प्रवेश परीक्षेतल्या त्या २०० प्रश्नांत कुठेच नाही. तिच्याबद्दल बोलतो.

माझं बाँडचं, म्हणजे शिक्षणानंतरच्या सक्तीच्या सरकारी सेवेचं वर्ष डोंगराळ भागातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात गेलं. पावसाळ्याचे दिवस होते. पहाटे पाचच्या सुमाराला नऊ-दहा वर्षांच्या एका मुलाला त्याचे वडील आणि चुलता घेऊन आले. पोटात दुखतंय, एकदा उलटी झालीय. मी पोट तपासलं, मऊ होतं. ताप नव्हता. रात्री काय खाल्लं ते विचारलं, पोटदुखीचं इंजेक्शन दिलं आणि बाकावर बसवून ठेवा म्हणालो. मला झोप येत होती, हेही कबूल करतो.

अर्ध्या तासानं सिस्टर खोलीच्या दारात आल्या. म्हणाल्या, "डॉक्टर, पोराचे डोळे बघा जरा. जागा आहे, पण पापणी वर उचलत नाही. आणि थुंकी गिळत नाहीये."

बाहेर येऊन मी पहिल्यांदा विचारलं, "रात्री झोपला कुठं होता?" जमिनीवर, सतरंजीवर. अंगावर दंश कुठंच दिसत नव्हता, सूज नव्हती. मण्यार या विषारी सापाचं असंच असतं. तो रात्री झोपेत चावतो, चावल्याचं बहुतेक वेळा कळतसुद्धा नाही, आणि पहाटे माणूस पोट धरून उठतो. हे मी पुस्तकात वाचलेलं होतं, परीक्षेत लिहिलेलंही होतं. पण माझ्यासमोर जे आलं ते 'पोटदुखी' हा शब्द घेऊन आलं, आणि मी त्या शब्दावर उपचार केले. केंद्रात सर्पदंशाच्या लशीच्या होत्या तेवढ्या बाटल्या सलाईनमधून चढवल्या आणि जीपनं मुलाला जिल्ह्याच्या रुग्णालयात पाठवला. चिठ्ठीवर दोन ओळी खरडल्या. जीप वळणाआड गेली आणि माझं काम संपलं, असं मला वाटलं.

संध्याकाळी सिस्टरांनी विचारलं, "त्या पोराचं पुढं काय झालं?" मला माहीत नव्हतं. त्या प्रश्नानं मी इतका अस्वस्थ झालो की रविवारी एसटी पकडून जिल्ह्याला गेलो.

वॉर्डात मुलगा होता. घशात नळी, आणि शेजारी स्टुलावर चुलता अंबू बॅग, म्हणजे श्वास देणारी रबरी पिशवी दाबत बसलेला. व्हेंटिलेटर रिकामा नव्हता. घरची पाच-सहा माणसं पाळी लावून दोन दिवस, दोन रात्री हातानं श्वास देत होती. चुलत्याच्या तळव्याला फोड आले होते, त्यावर फडकं बांधलेलं. मी नाडी बघायला वाकलो तेव्हा मुलाच्या पायाचा अंगठा हलला. चुलत्यानं तो आधीच पाहिलेला होता, मला म्हणाला, "सकाळपासनं हलतोय." मुलगा वाचला.

तिथल्या निवासी डॉक्टरनं मला काय सांगितलं, ते आजही माझ्या कामी येतं. मण्याराच्या विषानं स्नायू एकदा लुळे पडले की लस त्यांना लगेच उठवत नाही. तोवर श्वास चालू ठेवणं हेच उपचार. मी मुलाला अंबू बॅगशिवाय पाठवला होता. वाटेत श्वास थांबला नाही हे नशीब. चिठ्ठीवर लस किती वाजता दिली, किती बाटल्या दिल्या, काहीच नव्हतं. त्या रविवारी मी एसटीत बसलो नसतो, तर पुढच्या मुलालाही मी तसाच पाठवला असता, आणि आपण बरोबर केलं या समाधानात राहिलो असतो.

तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी हिंमतराव बावस्करांचं नाव ऐकलं असेल. कोकणात, महाडजवळच्या बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात त्यांनी नोकरी केली. लाल विंचू चावलेली माणसं फुप्फुसात पाणी होऊन मरायची. बावस्कर त्या रुग्णांजवळ बसून राहिले. नाडी, रक्तदाब, श्वास, सगळं लिहीत गेले. लहान केंद्रातली ती टिपणं १९८२ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये पोचली. पुढं रक्तदाबावरची प्राझोसिनची साधी गोळी त्यांनी विंचूदंशावर वापरली आणि मृत्यू झपाट्यानं खाली आले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पण मला त्यांची ती बैठक मोठी वाटते, खाटेशेजारची. आपल्या रुग्णाचं काय होतं हे शेवटपर्यंत बघणारा माणूस होता, म्हणून पुढचं सगळं झालं.

तेव्हा बाँडचं वर्ष म्हणजे शिक्षा समजू नका. मोठ्या रुग्णालयात रुग्ण तुमच्या हातून वरच्याच्या हातात जातो. केंद्रावर पहिला निर्णय तुमचा असतो. मात्र एकटे पडू नका. रात्री दोन वाजता फोन केला तर चिडणार नाही असा एक तरी सीनियर धरून ठेवा. सिस्टर, औषधनिर्माता, आशाताई यांचं ऐका. गावात कोण कुठं झोपतं हे त्यांना माहीत असतं.

शाखा निवडताना लोक पगार विचारतात, तेही विचारावंच. पण त्या शाखेतलं रोजचं, कंटाळवाणं काम तुम्हाला वीस वर्षं करवेल का, ते निवासी डॉक्टरांबरोबर एक रात्र काढून बघा. आणि प्रॅक्टिसमध्ये पडाल तेव्हा पहिल्याच महिन्यात कुणीतरी पाकीट घेऊन येईल. कटचं, म्हणजे रुग्ण तपासणीला पाठवल्याच्या कमिशनचं ते पाकीट पहिल्यांदाच परत करा. एकदा घेतलंत, की तपासणी रुग्णासाठी लिहिली की पाकिटासाठी, हे तुमचं तुम्हालाही सांगता येणार नाही.

उद्या येताना खिशात मावेल अशी एक वही आणा. नाव लिहू नका, ते रुग्णाचं खाजगी आहे. तारीख, वय, मला काय वाटलं, मी काय केलं, आणि शेवटचा रकाना: पुढं काय झालं. तुमच्या हातात आता मोबाइल आहे, एसटीनं जावं लागत नाही. रेफर केलेल्या प्रत्येकासाठी दुसऱ्या दिवशी एक फोन करा.

माझी त्या वर्षाची वही मी आज आणली आहे, इथं टेबलावर ठेवतो. बघायची असेल त्यांनी बघा. त्या पहाटेच्या आधीच्या पानांवर शेवटचा रकानाच नाही. नंतरच्या पानांवर आहे, पण अकरा ठिकाणी तो अजून कोरा आहे. त्या अकरा जणांपर्यंत मी पोचू शकलो नाही.