सगळ्यांना माहीत, फक्त त्यालाच सांगायचं नाही

आशाताईंनो आणि घरच्या मंडळींनो, कॅन्सरची गाठ, केमो, शेक (रेडिएशन) याविषयी तुम्हाला नागपूरचे डॉक्टर सांगतातच. मला बोलायचं आहे ते आपण पेशंटपासून त्याचाच आजार लपवतो, त्याबद्दल.

आपल्याकडे खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारीचं मिश्रण, शाळकरी पोरांच्याही खिशात सापडतो, त्यामुळे तोंडाचा कॅन्सर कुठल्या गावाला नवा राहिलेला नाही. माणसाला आपण नागपूरच्या राष्ट्रसंत तुकडोजी कॅन्सर रुग्णालयात नेतो. दारावरची पाटी तो वाचतो, शेजारच्या बाकावरच्याशी बोलतो. आणि घरी आल्यावर आपण सांगतो, साधी जखम आहे, भरून येईल.

जबड्याचं ऑपरेशन झालेले एक काका माझ्यासमोर बसले होते. शब्द नीट उमटत नव्हते, म्हणून काकूच त्यांचं वाक्य पुरं करत होत्या. काकू औषधं आणायला गेल्या तसे ते हळूच म्हणाले, "साऱ्या गावाले मालूम हाये, मलेच कोनी सांगत नाही. मी बी इचारत नाही, हे लोक रडतीन म्हनून." थोड्या वेळानं काकूंनी मला दाराशी गाठलं. "त्यायले सांगू नका जी, धसका घेतीन." एका घरात, एका ताटात जेवणारी दोन माणसं, आणि दोघंही एकेकटी रडत होती.

आधी त्यालाच विचारा, "तुम्हाले काय वाटते, काय झालं असंल?" तो जेवढं विचारेल तेवढं खरं सांगा. काहींना सगळं ऐकायचं नसतं, तेही मानावं. पण दार लावून घेऊ नका. आणि "हिंमत ठेवा" हे वाक्य लगेच तोंडावर फेकू नका, त्यानं समोरच्याचं बोलणंच खुंटतं.

आता उदासीविषयी. कॅन्सर म्हटल्यावर वाईट वाटणारच, असं म्हणून आपण पुढं जातो. 2011 साली 'द लॅन्सेट ऑन्कॉलॉजी'त जगभरच्या अभ्यासांचा आढावा छापून आला. त्यात शंभरातल्या साधारण 16 कॅन्सर पेशंटना नैराश्याचा आजार आढळला होता. चिंता आणि इतर त्रास धरले तर आकडा याच्या दुपटीच्याही पुढं जातो. म्हणजे उरलेल्यांना दुःख आहे, पण नैराश्याचा आजार नाही. हा फरक ओळखायचा कसा? भूक मरणं, झोप उडणं, थकवा हे केमोमुळंही होतं, नुसत्या त्यावरून ठरवू नका. दोन आठवडे झाले तरी नातवाकडं बघावंसं वाटत नाही, कापूस घरात आला तरी विचारपूस नाही, "मी तुमच्यावर बोजा झालो" हेच तोंडी. असं असेल तर ताई, ती केस जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात पाठवा.

एक गोष्ट मी गावोगावी कळकळीनं सांगतो. निदान झाल्यानंतरचे पहिले काही महिने जिवाला फार धोक्याचे असतात, आणि आपल्या घराघरात फवारणीचं औषध असतं. ते कुलपात ठेवा, किल्ली दुसऱ्याकडं द्या. आणि सरळ विचारा, "जीव द्यावा असं मनात येते का?" विचारल्यानं कुणाच्या डोक्यात ते भरत नाही. बहुतेकांना उलट हायसं वाटतं, कुणीतरी विचारलं म्हणून. उत्तर हो आलं तर त्याला एकटं सोडू नका, त्याच दिवशी दवाखान्यात न्या. रात्री-बेरात्री टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर लावा. फोन फुकट आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. घरची बाई महिनोन् महिने उशाशी जागते, तिलाही हाच नंबर द्या.

मनाच्या औषधांची भीती नको. ती लागू पडायला दोन ते चार आठवडे लागतात, म्हणून आठ दिवसांत मधेच बंद करू नका. स्तनाच्या कॅन्सरसाठी टॅमॉक्सिफेन चालू असेल तर मात्र मानसोपचार डॉक्टरांना ती चिठ्ठी आधी दाखवा. फ्लुओक्सेटिन आणि पॅरोक्सेटिन या उदासीवरच्या गोळ्या टॅमॉक्सिफेनचा असर कमी करू शकतात, आणि त्यांच्याऐवजी देता येतील अशा दुसऱ्या गोळ्या आहेत.